डोळ्यांना झोंबणारा धूर आणि मूत्राशय

पावसाळ्यातल्या शनिवारी खंडाळ्यात राजमाची पॉइंटच्या आसपास भज्यांच्या गाड्यांवर गर्दी उसळलेली असते. ढग अंगावरून जात असतात, दरीतलं काही दिसत नाही, आणि गिऱ्हाईक कांदाभजी, मक्याची भजी, वडापाव यांसाठी ताटकळलेलं असतं. एक घाणा निघाला की दुसरा पडतो. दुपारपर्यंत कढईतलं तेल तांबूस-काळपट होतं, वर फेस धरू लागतो, आणि गर्दी वाढली म्हणून आच मोठी केली की कढईच्या कडेने निळसर धूर सुटतो. वाऱ्याने तो आपल्याकडे वळला की डोळे चुरचुरतात, ठसका लागतो. ‘तेल जळलं वाटतं’ असं म्हणत आपण दोन पावलं मागे सरकतो. झारा हातात असलेल्या माणसाला तेवढीही मुभा नसते.

डोळ्यांत पाणी आणणाऱ्या त्या धुरातला एक मुख्य गुन्हेगार म्हणजे अ‍ॅक्रोलीन. कार्बनचे तीन, हायड्रोजनचे चार आणि ऑक्सिजनचा एक अणू, एवढाच त्याचा संसार. इतका लहान रेणू इतका उपद्रवी का, हे समजून घ्यायचं तर आधी तेलाकडे बघायला हवं. कोणतंही खाद्यतेल म्हणजे ग्लिसरॉल आणि त्याला जोडलेली तीन मेदाम्लं. ओलं पीठ, ओला कांदा तेलात पडला की त्यातल्या पाण्यामुळे हे जोड हळूहळू सुटत जातात. सुटं झालेलं ग्लिसरॉल फार तापलं की त्यातून पाण्याचे दोन रेणू निघून जातात आणि मागे उरतं ते अ‍ॅक्रोलीन. सुट्या मेदाम्लांमुळे तेलाचा धुराचा बिंदूही खाली येतो. म्हणून सकाळी १८० अंशांना गप्प बसलेलं तेल संध्याकाळी त्याच आचेवर धुमसायला लागतं. शिवाय काही मेदाम्लं, विशेषतः लिनोलेनिक आम्ल, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून मोडतात तेव्हाही अ‍ॅक्रोलीन तयार होतं. सोयाबीन आणि मोहरीच्या तेलात हे आम्ल बऱ्यापैकी असतं, शेंगदाण्याच्या तेलात आणि पामतेलात नगण्य. आपल्याकडच्या जुन्या आचाऱ्यांचा तळणासाठी शेंगदाणा तेलाचा आग्रह असे. त्यामागे चव होती, पण रसायनशास्त्रही त्यांच्याच बाजूने होतं.

अ‍ॅक्रोलीन साधारण ५३ अंश सेल्सिअसला उकळतं. कढईच्या तापमानाला ते तेलात टिकून राहणं अवघड, त्याचा बराचसा भाग वाफ होऊन हवेत जातो. म्हणजे वडा खाणाऱ्याच्या वाट्याला थोडं येतं आणि वडा तळणाऱ्याच्या वाट्याला जास्त. आहारातल्या विषांची चर्चा आपण नेहमी ताटाकडे बघून करतो. या पदार्थाच्या बाबतीत ताटापेक्षा चुलीजवळ उभ्या असलेल्या माणसाकडे बघायला हवं.

हे रसायन फक्त कढईतून येतं असं नाही. खंडाळा घाटात जुना महामार्ग आणि एक्सप्रेस वे काही अंतर एकाच रस्त्यावर येतात आणि वीकएंडला तिथे गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. खालच्या गिअरमध्ये, भरलेल्या ट्रॉलीसह चढ चढणाऱ्या ट्रकच्या धुरात फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलीन ही भावंडं एकत्र असतात. लाकडाच्या धुरात ते असतं. सिगारेट-विडीच्या धुरात तर भरपूर: ब्रँड आणि ओढण्याची तऱ्हा यांनुसार एका सिगारेटमधून दोनशे मायक्रोग्रॅमपर्यंत. साखर-गूळ फार तापवला तरी थोडं होतं. आणि हे सगळं टाळून कुणी हिमालयात जाऊन बसला तरी सुटका नाही, कारण पेशींमधली मेदद्रव्यं ऑक्सिजनने खराब होताना आपलं शरीर स्वतःही अ‍ॅक्रोलीन बनवत असतं.

उद्योगांना मात्र ते मुद्दाम हवं असतं. प्रॉपिलीन वायूचं हवेच्या साहाय्याने ऑक्सिडीकरण करून ते टनावारी बनवतात. त्यापासून मिथिओनिन तयार होतं, जे कोंबड्यांच्या खाद्यात घालतात. तेच आणखी एक पायरी पुढे नेलं की अ‍ॅक्रिलिक आम्ल होतं, आणि त्यातून रंग, चिकटद्रव्यं, बाळांच्या डायपरमधली पाणी शोषणारी भुकटी. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात सिंचनाच्या कालव्यांतलं शेवाळ आणि पाणवनस्पती मारायला ते थेट पाण्यात सोडलं जातं. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने ते हातबॉम्बमध्ये भरून शत्रूवर फेकून पाहिलं होतं. अमेरिकेत कारखान्यातल्या कामगारासाठी आठ तासांच्या पाळीतली सरासरी मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग इतकी कडक आहे. त्याच्या दुप्पट-तिप्पट झालं की डोळे बोलू लागतात.

डोळे का बोलतात, याचं उत्तर आपल्या फोडणीत आहे. आपल्या वेदनावाहक मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीए-१ नावाचं एक प्रथिन असतं. मोहरी कुटली की नाकात जो झणका जातो, तो मोहरीतलं तिखट तेल या प्रथिनाला चिकटल्यामुळे. लसणाचा झणकाही तिथेच पोचतो. २००६ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिलं की अ‍ॅक्रोलीनही याच प्रथिनाला धरून तंतूला जागं करतं. संवेदनांच्या संशोधनासाठी ज्युलियस यांना पुढे २०२१ मध्ये नोबेल मिळालं. या प्रथिनात गंधक असलेले काही कोपरे असतात आणि अ‍ॅक्रोलीनला गंधकाचं जबर आकर्षण. दिसलं गंधक की चिकटलं. हा एक स्वभाव लक्षात ठेवला की त्याचं सगळं चरित्र कळतं: ते विषारी का, शरीर त्याला आवरतं कसं आणि डॉक्टरांनी त्यावर उतारा शोधला तो कसा.

पेशींमध्ये ग्लुटाथिओन नावाचं गंधकयुक्त द्रव्य मुबलक असतं. फुप्फुसातून किंवा पोटातून आत आलेलं अ‍ॅक्रोलीन आधी त्याच्यावर जाऊन आदळतं आणि बांधलं जातं. हे जोडरसायन यकृत-मूत्रपिंडांत थोडंफार कातरलं जाऊन लघवीवाटे बाहेर पडतं. त्याचं प्रमाण मोजता येतं, आणि प्रत्येकाच्या लघवीत ते थोडंतरी सापडतं. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये कितीतरी पट जास्त. सिंगापूरमध्ये घरी नियमित स्वयंपाक करणाऱ्या, सिगारेट न ओढणाऱ्या चिनी वंशाच्या बायकांची लघवी तपासली, तेव्हा तुलनेसाठी घेतलेल्या इतर बायकांपेक्षा त्यांच्यात हे प्रमाण ठळकपणे जास्त निघालं. तेलाचा धूर नाकाने आत गेला आणि दुसऱ्या टोकाने त्याची पावती मिळाली. आपल्याकडे वडे तळणाऱ्यांची, फरसाणाच्या भट्टीवर उभं राहणाऱ्यांची अशी तपासणी व्हायला हवी असं मला वाटतं. लघवीचा नमुना काही महाग नसतो.

आता मूत्राशय. वरून येणारं पाणी ओढ्यातून खळखळत जातं तेव्हा दगडांना त्याचा स्पर्श क्षणभर होतो, आणि तेच पाणी भुशी धरणात अडलं की भिंतीला दिवसभर टेकून असतं. मूत्रपिंड आणि मूत्राशय यांच्यात हाच फरक. मूत्रपिंड गाळतं आणि पुढे ढकलतं, मूत्राशय साठवतं. चारशे-पाचशे मिलिलिटर द्रव तीन-चार तास, रात्री सहा-सात तास. त्या द्रवात जे काही त्रासदायक असेल ते तेवढा वेळ अस्तराला भिडून राहतं.

निसर्गाने त्यासाठी तजवीज केलेली आहे. मूत्राशयाच्या आतल्या थरावर छत्रीसारख्या पसरट पेशींचं आच्छादन असतं. त्यांच्या पृष्ठभागावर युरोप्लाकिन नावाच्या प्रथिनांचे घट्ट तक्ते असतात आणि त्यावर शर्करायुक्त द्रव्यांचा बुळबुळीत लेप. लघवीतली आम्लं, क्षार, युरिया यांपैकी काहीही सहजासहजी आत झिरपत नाही. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत बदलतं, पण या पेशी महिनोन्‌महिने टिकतात. सतत बदलण्याची गरजच पडत नाही इतकं हे आवरण चिवट. बांधलेलं, शांत केलेलं अ‍ॅक्रोलीन त्यावरून निमूट निघून जातं. मोकळं, न बांधलेलं अ‍ॅक्रोलीन मोठ्या प्रमाणात तिथे येऊन साठलं तर काय होतं, हे माणसाला कळलं ते स्वयंपाकघरात नाही, कर्करोगाच्या वॉर्डात.

१९५८ साली पश्चिम जर्मनीत, बीलेफेल्ड इथल्या आस्टा-वेर्के कंपनीत नॉर्बर्ट ब्रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायक्लोफॉस्फमाइड हे औषध पुढे आणलं. त्याचं मूळ महायुद्धातल्या मस्टर्ड वायूच्या कुळात. डीएनए जखडून टाकणाऱ्या त्या रसायनाचा दात आधी झाकून ठेवायचा आणि गाठीत पोचल्यावरच उघडायचा, असा बेत होता. कर्करोगाच्या पेशींमधलं एक विकर हे झाकण उघडेल ही अटकळ चुकीची ठरली. झाकण उघडतं ते यकृत. पण औषध मात्र चाललं, आणि इतकं चाललं की साठ-पासष्ट वर्षांनंतरही ते स्तनाच्या कर्करोगात, लिम्फोमात, मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात आणि लुपससारख्या आजारात मूत्रपिंड वाचवण्यासाठी वापरलं जातं. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. आज या प्रत्यारोपणांच्या औषधयोजनांमध्ये सायक्लोफॉस्फमाइडचे मोठे डोस नेहमीचे आहेत.

यकृताने झाकण उघडलं की या औषधाचे दोन तुकडे होतात. एक कर्करोगाच्या पेशी मारणारा. दुसरा, ज्याची कुणालाच गरज नाही असा, अ‍ॅक्रोलीन. तोच रेणू, जो भज्याच्या कढईवरून डोळ्यांत शिरतो. फरक एवढाच की इथे तो रक्तातून मूत्रपिंडात उतरतो आणि लघवीसोबत मूत्राशयात जाऊन बसतो.

औषध वापरात येताच, १९५९ पासून, डॉक्टरांना दिसू लागलं की काही रुग्णांच्या लघवीतून रक्त जातं. आधी जळजळ, ज्याला आपल्याकडे उन्हाळी लागणं म्हणतात तसली, पण ताक-पाण्याने न शमणारी. मग दर पंधरा-वीस मिनिटांनी कळ, आणि जाऊन बसलं तर चार थेंब. मग लालसर लघवी. वाईट झालं तर रक्ताच्या गाठी होऊन लघवी तुंबते आणि तीन तोंडांची नळी घालून दिवसरात्र सलाईनने मूत्राशय धुवावं लागतं. या सगळ्याला नेमकं जबाबदार कोण, हे बरीच वर्षं निश्चित नव्हतं. १९७९ मध्ये पी. जे. कॉक्स यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आरोपी निश्चित केला: मूत्राशय जाळतं ते औषध नव्हे, त्यातून सुटणारं अ‍ॅक्रोलीन.

आत नेमकं काय घडतं ते उंदरांच्या अभ्यासातून बरंच स्पष्ट झालं आहे. मूत्राशयात थेट अ‍ॅक्रोलीन सोडलं किंवा सायक्लोफॉस्फमाइड टोचलं, तर काही तासांत छत्रीपेशी सुटून पडू लागतात. लेप विरतो. खालचा थर उघडा पडतो, सुजतो, केशवाहिन्या फुटतात. उघड्या पडलेल्या मज्जातंतूंच्या टोकांवर तेच मोहरीवालं प्रथिन असतं, आणि अ‍ॅक्रोलीन त्याला पुन्हा धरतं. तंतू आता मेंदूला सांगत राहतात की पिशवी भरली, भरली, भरली. प्रत्यक्षात ती पाव भरलेली असते. उंदीर वारंवार आणि थोडं थोडं मुततो. टीआरपीए-१ अडवणारं द्रव्य आधी दिलं तर त्याची ही तगमग कमी होते. म्हणजे रुग्णाला ‘सारखी लागते’ ती मनाची भीती नसते, तंतूंची खरीखुरी हाक असते. वॉर्डात नातेवाईक कधीकधी ‘आत्ताच तर जाऊन आलीस ना’ म्हणून चिडतात. त्यांनी हे वाचायला हवं.

इजा एकदाच झाली तर अस्तर विलक्षण वेगाने, काही दिवसांत, पुन्हा उभं राहतं. ती वारंवार झाली तर मात्र भिंतीत तंतुमय ऊती साचतात. लवचीक पिशवी कडक, आकसलेली होते. जिच्यात पाव लिटरहून जास्त सुखाने मावायचं तिच्यात पेलाभरही मावत नाही. आणि वर्षानुवर्षं गोळ्यांच्या रूपात हे औषध घेतलेल्या काही रुग्णांना पुढे मूत्राशयाचाच कर्करोग झाल्याची नोंद आहे. म्हणून जुन्या रुग्णांची लघवी औषध थांबल्यावरही तपासत राहतात.

उतारा शोधला तो पुन्हा ब्रॉक यांच्याच गटाने, १९७०च्या दशकाच्या अखेरीस. त्यांनी अ‍ॅक्रोलीनचा स्वभावच त्याच्यावर उलटवला. मेस्ना हा एक साधा रेणू, टोकाला गंधक. नसेतून दिला की रक्तात त्याचे दोन-दोन रेणू एकमेकांना धरून निष्क्रिय जोडी बनवतात, त्यामुळे कर्करोगावरच्या औषधाच्या कामात ते लुडबुड करत नाहीत. मूत्रपिंडात ही जोडी पुन्हा सुटते आणि मोकळं गंधक घेऊन मेस्ना लघवीत उतरतं, नेमकं जिथे हवं तिथे. अ‍ॅक्रोलीन अस्तराच्या गंधकाला चिकटण्याआधी या गंधकाला चिकटतं आणि निरुपद्रवी होऊन वाहून जातं. औषधशास्त्रात इतकं नेमकं आणि देखणं काम क्वचित दिसतं. नसेतून द्यायचं मेस्ना केमोच्या वेळी, मग चार तासांनी, मग आठ तासांनी असं देण्याची प्रथा आहे, कारण ते शरीरातून लवकर निघून जातं आणि अ‍ॅक्रोलीन मात्र तासन्‌तास झिरपत असतं. सायक्लोफॉस्फमाइडचा भाऊ इफोस्फमाइड, त्याच्याबरोबर तर मेस्ना द्यावंच लागतं. तोंडाने घ्यायची वेळ आली तर गंधकाच्या वासाने मळमळतं, म्हणून ते कोल्यात किंवा फळांच्या रसात मिसळून देतात.

मग वडापावने मूत्राशय जळतं का? नाही. इथे थोडा हिशेब मांडला तर बरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रसायन-सुरक्षा कार्यक्रमाने २००२ मध्ये तोंडावाटे जाणाऱ्या अ‍ॅक्रोलीनची सुसह्य मात्रा शरीराच्या दर किलोला रोज ७.५ मायक्रोग्रॅम ठरवली. साठ किलोच्या माणसाला ४५० मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी. आता प्रत्यारोपणाच्या रुग्णाकडे बघू. अर्ध्या जुळणीच्या दात्याकडून प्रत्यारोपण झाल्यावर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड दर किलोला ५० मिलिग्रॅम देतात. साठ किलोला तीन ग्रॅम. रेणूंच्या वजनांचं गुणोत्तर लावलं तर त्यातून जास्तीत जास्त साडेसहाशे मिलिग्रॅमच्या आसपास अ‍ॅक्रोलीन सुटू शकतं. प्रत्यक्षात निम्मंच सुटलं असं धरू. तरी ते त्या सुसह्य मात्रेच्या सातशे पट झालं, आणि तेही एका दिवसात. भज्यांच्या पुडीतलं अ‍ॅक्रोलीन मूत्राशयापर्यंत मोकळं पोचतच नाही, वाटेतच ग्लुटाथिओन त्याला गाठतं. ‘तळलेलं खाल्लं म्हणून लघवीला आग होते’ असं सांगणारे संदेश मोबाइलवर फिरतात, त्यांना या आकड्यांचा आधार नाही. तशा आगीमागे बहुतेक वेळा पाणी कमी पिणं किंवा जंतुसंसर्ग असतो.

तेलाच्या धुराकडे मात्र दुर्लक्ष करता येत नाही. उच्च तापमानाच्या तळणातून निघणाऱ्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलेलं आहेच. अ‍ॅक्रोलीन पूर्वी ‘ठरवता येत नाही’ या गटात होतं. २०२०च्या अखेरीस तज्ज्ञांनी पुन्हा पुरावा तपासला आणि त्यालाही ‘बहुधा’च्या गटात नेलं. आपल्याकडचा एक जुना धागा इथे जोडावासा वाटतो. १९९३ मध्ये टाटा मेमोरियलच्या संशोधकांचा मुंबईतल्या पुरुष रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचा माणसाच्या धंद्याशी काही संबंध लागतो का, हे त्यात पाहिलं होतं. मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका रासायनिक आणि औषध कारखान्यांतल्या कामगारांमध्ये वाढलेला आढळला. फुप्फुसाच्या बाबतीत कापडगिरणीतल्या कामगारांबरोबर एक नाव अनपेक्षित होतं: स्वयंपाकी. त्या अभ्यासात कुणी अ‍ॅक्रोलीन मोजलं नव्हतं, आणि धुरात दुसरीही बरीच रसायनं असतात. पण कढईपुढच्या माणसाचं नाव त्या यादीत आलं, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

मूत्राशयाच्या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण मात्र तंबाखूचा धूर. मुख्य दोष आजवर दिला गेला तो त्यातल्या अ‍ॅरोमॅटिक अमाइन या रंगगिरण्यांतही भेटणाऱ्या रसायनांना. फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांच्या मूत्राशयातल्या गाठींचा संबंध त्यांच्या कामाशी लावला होता. २०१४ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसाच्या मूत्राशयाच्या अस्तरातला आणि गाठींतला डीएनए तपासला, तेव्हा त्यांना अ‍ॅक्रोलीनच्या जखमांचाही छडा लागला. धुरातला दुसरा संशयित म्हणून त्याच्याकडे आता गांभीर्याने पाहिलं जातं. घाटातल्या टपरीवर चहाबरोबर सिगारेट पेटवून ‘इथलं तेल चांगलं नसतं’ म्हणणाऱ्यांची गंमत वाटते ती यामुळे.

शरीराचा स्वतःचा बंदोबस्त वाढवता येतो का? चीनमधल्या चिदोंग इथे, हवा खराब असलेल्या भागात, २९१ लोकांना बारा आठवडे ब्रोकोलीच्या मोडांचं पेय देऊन पाहिलं. बांधल्या गेलेल्या अ‍ॅक्रोलीनचं लघवीतलं उत्सर्जन २३ टक्क्यांनी वाढलं. ब्रोकोली, कोबी, मुळा, मोहरी हे एकाच कुळातले, आणि त्यांच्यातली गंधकयुक्त द्रव्यं ग्लुटाथिओनची यंत्रणा हलवून जागी करतात. त्यामुळे मुळ्याच्या भाजीला दोन घास जास्त द्यायला हरकत नाही. मात्र तेवढ्यावर कुणी धुरात उभं राहण्याचा परवाना काढू नये.

खरा उपाय कढईशीच आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातल्या एकूण ध्रुवीय संयुगांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली. त्यापुढे गेलेलं तेल वापरायचं नाही. त्याच वर्षी जुनं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची योजनाही आली, आणि १ मार्च २०१९ पासून दिवसाला पन्नास लिटरहून जास्त तेल तळणाला वापरणाऱ्यांना त्याच्या नोंदी ठेवणं बंधनकारक झालं. खंडाळ्याच्या गाडीवर दिवसाला पन्नास लिटर तेल कुठून येणार? मर्यादा तिलाही लागू आहे, नोंद नाही. आणि तेल मोजणारं यंत्र तिथे कोण घेऊन जाणार? गाडीवाल्याला डोळ्यांनी कळण्यासारख्या खुणा पुरेशा आहेत: तेल काळं पडलं, झाऱ्यावरून ओघळताना चिकट लागलं, फेस बसेना झाला, नेहमीच्या आचेला धूर सुटू लागला. यातलं शेवटचं दिसलं की आधी आच कमी करावी. आणि ताडपत्रीची एक बाजू वाऱ्याच्या दिशेने उघडी ठेवावी. पावसाने ती सगळीकडून बांधून घेतात आणि आतल्या माणसासाठी त्याचा गॅस-चेंबर होतो.

घाटाचा आणि मूत्राशयाचा आणखी एक सरळ संबंध आहे. परळहून केमो घेऊन साताऱ्या-कोल्हापूरकडे परतणारे कितीतरी रुग्ण याच रस्त्याने जातात. वाटेत थांबायला लागू नये म्हणून आपल्याकडे, विशेषतः बायकांना, प्रवासाआधी पाणी न पिण्याची सवय असते. एरवी ती सवय वाईट, आणि सायक्लोफॉस्फमाइडच्या दिवशी घातक. तेव्हा करायचं ते नेमकं उलट: हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलं नसेल तर भरपूर पाणी, आणि दर दोन तासांनी, लागली नसली तरी, लघवीला जाणं. द्रव जितका पातळ आणि तो आत जितका कमी वेळ, तितकी अस्तराला कमी झळ. घाटात गाड्या अडकण्याची लक्षणं दिसली तर खालापूरच्या फूड मॉलवर आधीच उतरून घ्यावं. लघवी गुलाबी दिसली तर घरी पोचेपर्यंत न थांबता केमोच्या विभागाला फोन करावा. ज्यांना हे औषध गोळ्यांच्या रूपात रोज घ्यायचं असतं त्यांना ते सकाळी घ्यायला सांगतात. रात्री घेतलं तर त्यातून सुटलेलं अ‍ॅक्रोलीन झोपेचे सहा-सात तास मूत्राशयातच पडून राहतं. आणि संध्याकाळी केमो झालेला रुग्ण गाढ झोपला असला तरी रात्री एकदा त्याला उठवून बाथरूमपर्यंत न्यावं लागतं.